परसातील पाच कोंबड्या : आधी खुराडे, मग लस, मग कोंबडी

खेड्यात घरोघरी कोंबड्या असतात. त्या पाळलेल्या असतात असे मात्र सहसा म्हणता येत नाही. सकाळी डालगे उचलावे, दिवसभर त्यांनी उकिरड्यावर चरावे आणि दिवेलागणीला पुन्हा डालग्याखाली यावे, एवढाच काय तो त्यांचा व घरधन्याचा संबंध. या रीतीने खर्च जवळजवळ काहीच होत नाही, हे खरे. परंतु मिळकतीचा हिशेब घेऊ गेल्यास असे दिसते की, निघालेल्या पिलांपैकी पुष्कळशी घार, मुंगूस व मांजर यांच्या वाट्याला जातात. जी वाचतात ती अंड्यावर येतात न येतात तोच एखाद्या उन्हाळ्यात मानमोडीची साथ येते आणि चार दिवसांत डालगे रिकामे होते. अंड्यांचे व कोंबडीचे पैसे बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतात. मीठमिरची, मुलांच्या वह्या, आजाऱ्याचे औषध हे त्यांतून भागते. त्यामुळे ही हानी तिच्या एकटीच्या पदरी पडते आणि ती कोठे लिहिलीही जात नाही.

नव्याने कोंबड्या ठेवू इच्छिणारा माणूस बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो असा की, जात कोणती घ्यावी? प्रश्न चुकीचा नाही, पण तो तिसऱ्या क्रमांकाचा आहे. वर्षाला दीडशे अंडी देऊ शकणारी कोंबडी दुसऱ्याच महिन्यात मुंगसाने नेली, तर तिच्यापेक्षा पन्नास-साठ अंडी देऊन तीन वर्षे जगणारी गावरान कोंबडी कितीतरी बरी. म्हणून रात्रीच्या निवाऱ्याची सोय प्रथम, रोगप्रतिबंधक लसीची सोय दुसरी आणि कोंबड्यांची खरेदी त्यानंतर, असा क्रम ठेवावा.

खुराडे

पाच-सहा मोठ्या कोंबड्यांना रात्री बसण्यासाठी ३ फूट लांब, २ फूट रुंद व २ फूट उंच एवढे खुराडे पुरते. दर कोंबडीस सुमारे एक चौरस फूट जागा मिळावी, हे धोरण. ते जमिनीवर न ठेवता दीड-दोन फूट उंचीच्या चार पायांवर उभे करावे. तळ बांबूच्या कामट्यांचा करून दोन कामट्यांत अर्ध्या इंचाची फट ठेवावी. विष्ठा खाली पडते, खुराडे कोरडे राहते आणि खाली साठलेले खत भाजीच्या वाफ्याला उपयोगी पडते. छपरास कौले, गवत किंवा पत्रा यांपैकी जे घरी असेल ते वापरावे; पत्रा असल्यास त्यावर उन्हाळ्यात पेंढा पसरावा.

भिंतींना हवा खेळण्यापुरती जाळी हवी. येथे बरेच लोक फसतात. बाजारात मिळणारी मोठ्या भोकांची तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाच्या तोंडाला व मांजराच्या पंजाला बाहेर ठेवीत नाही. अर्ध्या इंचाच्या भोकांची जाळी थोडी महाग पडते. ती एकदाच घ्यावी लागते. दाराला नुसती दोरी न बांधता कडी असावी. बांबूच्या सांध्यांत व मातीच्या भिंतींच्या भेगांत गोचिडी दिवसा लपतात आणि रात्री बाहेर पडून कोंबड्यांचे रक्त शोषतात. कोंबडी दिवसेंदिवस फिकी पडू लागली आणि अंगावर तर काही दिसत नाही, असे झाल्यास रात्री दिवा घेऊन खुराड्याच्या फटी तपासाव्यात. भेगा लिंपून चुन्याची सफेदी देणे हा जुना व चांगला उपाय आहे. परसाच्या कोपऱ्यात राख व कोरडी माती यांचा ढीग ठेवल्यास कोंबड्या त्यात लोळून आपल्या अंगावरील उवांचा बंदोबस्त बऱ्याच अंशी आपणच करतात.

आत दोन इंच रुंदीची, कडा घासून गोल केलेली एक दांडी बसण्यास व एका अंधाऱ्या कोपऱ्यात पेंढा घातलेली पाटी अंडी घालण्यास ठेवली की काम झाले. चार-पाच कोंबड्यांना एक पाटी पुरते. पाटी नसली की कोंबडी कुंपणाखाली अंडी घालते आणि ती साप किंवा कुत्रा प्रथम शोधून काढतो.

मानमोडी

या रोगाला हिमालयातील राणीखेत या गावाचे नाव मिळाले आहे. परदेशात तो इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराच्या नावाने ओळखला जातो. तेथे तो १९२६ साली आढळला. तो विषाणूमुळे होतो. कोंबड्या गुंगतात, तोंड उघडून श्वास घेतात, हिरवट-पांढरी पातळ विष्ठा टाकतात, पंख व पाय लुळे पडतात आणि कित्येकींची मान पिळल्यासारखी वाकडी होते. मराठी नाव त्यावरूनच पडले आहे. एकदा रोग जडल्यावर त्यावर गुणकारी औषध नाही. हळद, लसूण किंवा माणसाच्या गोळ्या देण्यात जे दोन दिवस जातात, तेवढ्यात शेजारच्या पाच घरी रोग पोचलेला असतो.

लस मात्र आहे आणि ती स्वस्त आहे. पिलू पाच ते सात दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकपुडीत लसीचा एक थेंब घालतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास तो पुन्हा देतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास अधिक तीव्र लस टोचतात. ही दुसऱ्या प्रकारची लस लहान पिलांना देऊ नये. त्यांना ती सोसत नाही. पुढे मोठ्या कोंबड्यांना साधारण सहा महिन्यांनी किंवा पशुवैद्यक सांगेल त्या अंतराने टोचून घ्यावे. देवीची लस केव्हा द्यावी हेही त्याच वेळी विचारून ठेवावे. टोचण्याच्या आठवडाभर आधी जंतांचे औषध दिल्यास लसीचा गुण चांगला येतो. आजारी कोंबडीला लस टोचू नये.

इतके सोपे असता परसातील कोंबड्या लसीवाचून का राहतात? याचे कारण कुपीत आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात. ती थंड जागी, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात कालवली की दोनएक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कोणी कुपी फोडीत नाही. म्हणून एकट्याने प्रयत्न न करता आळीतील दहा-पंधरा घरांनी एक दिवस ठरवावा, कोंबड्यांची मोजदाद करावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात आगाऊ कळवावे. वेळ पहाटेची घ्यावी, कारण दारे उघडण्यापूर्वी सर्व कोंबड्या खुराड्यात हाती लागतात. नंतर एकेकीच्या मागे धावण्यात सकाळ जाते व लस तापते. रोगाचा जोर बहुधा उन्हाळ्यात दिसतो. तेव्हा माघ-फाल्गुनात, म्हणजे फेब्रुवारीअखेर, हे काम उरकलेले असावे. शेजाऱ्याच्या कोंबड्या बिनालसीच्या राहिल्या तर आपल्यालाही धोका राहतो. हा खर्च आळीने मिळून करण्याचे तेही एक कारण आहे.

रोग गावात येतो तो बहुतेक वेळा आठवडी बाजारातून. एखाद्या घरी दोन कोंबड्या मेल्या की उरलेल्या मरण्यापूर्वी विकून टाकाव्यात, हा विचार मनुष्यस्वभावाला धरून आहे. पण अशी विकलेली कोंबडीच रोग चार गावांत नेते. बाजारातून आणलेली कोंबडी, ती कितीही टवटवीत दिसो, पंधरा दिवस वेगळी ठेवावी आणि तिचे भांडे वेगळे असावे. मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्यास ताबडतोब दवाखान्यात कळवावे, त्या कोणी कापू वा खाऊ नयेत. २००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून अशा मरीकडे केवळ मानमोडी म्हणून पाहता येत नाही. कारण तो रोग माणसालाही जडू शकतो.

कोणत्या व किती

पाच कोंबड्यांनी सुरुवात करावी. एका घरचे उष्टेखरकटे, दळणाचा कोंडा व अंगणातील किडामुंगी यांवर साधारण एवढ्याच कोंबड्यांचे बरेचसे पोट भरते. त्यापुढे दाणा विकत आणावा लागतो आणि हिशेब बदलतो. केवळ खाण्याची अंडी हवी असल्यास कोंबडा ठेवण्याची गरज नाही. कोंबड्याशिवायही कोंबडी तितकीच अंडी घालते आणि ती अंडी अधिक दिवस टिकतात. पिले काढावयाची असतील तर आठ-दहा कोंबड्यांस एक कोंबडा पुरतो.

गावरान कोंबडी सहा-सात महिन्यांनी अंड्यावर येते आणि थोडी अंडी देते. पण ती चपळ असते, घारीला चुकविते आणि पिले उत्तम सांभाळते. हैदराबादच्या संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया, तसेच बंगळूरची गिरीराज या जाती अधिक अंडी देतात आणि त्यांचा रंगही गावरानासारखा मिश्र असतो. मात्र त्या खुडूक क्वचितच बसतात आणि त्यांच्या अंड्यांतून निघालेली पुढची पिढी तशीच गुणाची होईल, याचा भरवसा नसतो. मोठ्या पिंजऱ्यांतील पांढरी लेगहॉर्न परसात आणू नये. ती घारीला दुरून दिसते आणि समतोल खाद्यावाचून तिची अंडी लवकर आटतात. नवशिक्याने तीन सुधारित तलंगा व दोन गावरान कोंबड्या घ्याव्यात, म्हणजे अंडीही मिळतात आणि पिलांना आईही मिळते. सुधारित पिले व पक्षी यांसाठी पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय अंडी उबवणी केंद्रांकडे आगाऊ मागणी नोंदवावी.

मोठी कोंबडी विकत घेताना तुरा लाल, डोळे पाणीदार व गुदद्वार स्वच्छ असल्याची खात्री करावी. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना जी दोन हाडे हाताला लागतात, त्यांमध्ये दोन-तीन बोटे मावत असतील तर ती कोंबडी अंड्यावर आहे; जेमतेम एक बोट मावत असल्यास विकणारा काहीही सांगो, ती सध्या अंडी देत नाही.

खाणे व पाणी

दिवसभर मोकळी फिरणारी कोंबडी आपले बरेचसे अन्न स्वतः मिळविते. सायंकाळी दर कोंबडीस मूठभर, म्हणजे ३० ते ४० ग्रॅम, ज्वारी, बाजरी, मका किंवा तांदळाची कणी द्यावी. दाणा सायंकाळीच द्यावा; त्याच्या ओढीने त्या वेळेवर परत येतात व मोजता येतात. अंड्यांचे कवच पातळ येऊ लागल्यास शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचे बारीक खडे वेगळ्या भांड्यात ठेवावेत. पिलांना वाळवीसारखे पौष्टिक खाद्य नाही. जुन्या मडक्यात ओले शेण व पालापाचोळा भरून ते वाळवीच्या जागी रात्रभर पालथे घातल्यास सकाळी मडके वाळवीने भरलेले मिळते. कोकणात सुकट स्वस्त असते. पण खारविलेली मासळी पिलांना घालू नये, मीठ त्यांना बाधते.

बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड कोंबड्यांना घालण्याची सवय घातक आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये अशाच पेंडीच्या विषाने सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले. जे धान्य वासामुळे माणसाने टाकले, ते कोंबडीलाही टाकाऊच समजावे.

पाणी सावलीत, मातीच्या पसरट भांड्यात ठेवावे व रोज बदलावे. पिलांच्या भांड्यात दोन-चार गारगोट्या टाकाव्यात, नाही तर ती बुडून मरतात.

पिले काढणे

कोंबडी पाटीवरून उठेनाशी झाली, हात नेताच पिसे फुलवून कुरकुरू लागली, म्हणजे ती खुडूक झाली. तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवावीत, अधिक नकोत. कडेची अंडी गार पडतात. ही अंडी हिवाळ्यात आठवड्याच्या आतली व उन्हाळ्यात तीन-चार दिवसांच्या आतली असावीत, धुतलेली नसावीत. सातव्या रात्री अंडे विजेरीवर धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या तर जीव धरला आहे. अंडे स्वच्छ दिसले तर ते काढून घ्यावे. एकविसाव्या दिवशी पिले निघतात. उबवणी केंद्रातून आणलेली एक दिवसाची पिलेही अशा कोंबडीच्या पंखाखाली रात्री अंधारात सरकवून दिल्यास ती बहुधा आपलीच समजून घेते. दिवाळीनंतरचा काळ याला सर्वांत चांगला. वैशाखात कोंबडी बसवू नये.

पुढचे तीन आठवडे फार जपण्याचे असतात आणि हानी बहुतेक याच काळात होते. आईसह पिलांना पहिल्या दिवसापासून अंगणात सोडण्याची रीत मोडली पाहिजे. निदान पंधरा दिवस त्यांना जाळीच्या डालग्याखाली ठेवून दाणापाणी तेथेच द्यावे. तळाशी भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरावा व तो ओला होताच बदलावा. पावसाळ्यात ओल्या जागी रक्ती हगवण फार लवकर पसरते. आई नसल्यास पहिल्या आठवड्यात पिलांजवळ सुमारे ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते व ती दर आठवड्यास पाच अंशांनी कमी करावी. त्यासाठी उष्णतामापकाची गरज नाही. पिले दिव्याखाली एकमेकांवर चढली तर त्यांना थंडी वाजते आहे, दूर पळून चोची उघडून बसली तर उकडते आहे, आणि सर्वत्र विखरून दाणा टिपीत असली तर ऊब बरोबर आहे.

पिलांतून नर ओळखू येऊ लागले की त्यांपैकी एक ठेवून बाकीचे बाजारभाव पाहून विकावेत. कोंबडीही दोन-अडीच वर्षांनंतर अंडी कमी करीत जाते. वर सांगितलेली बोटांची खूण दर दोन-तीन महिन्यांनी तपासून आटलेली कोंबडी साथीच्या दिवसांपूर्वी, निरोगी असतानाच, विकावी आणि तिच्या जागी घरची लस टोचलेली तलंग घ्यावी.