दर्दी मंडळींत बसताना

अगं, त्या बैठकीहून आल्यापासून तू गप्प झाली आहेस, ते माझ्या लक्षात आलंय. एक जण नुर्बुर्गरिंगच्या ट्रॅकची वळणं क्रमाने म्हणून दाखवतो, दुसरा बुगाटीचे चेसिस नंबर घडाघडा सांगतो, तिसऱ्याला १९५० पासूनची प्रत्येक ग्रांप्री कुणी जिंकली ते तोंडपाठ. आणि तू मनात म्हणतेस, मी कुठली मोटार शर्यतींची इतिहासकार? मला तर घाटात गिअर बदलताना घाम फुटतो! बघ, गिअरचा आणि इतिहासाचा काही संबंध नाही. पाठांतराचाही फारसा नाही. मीसुद्धा सुरुवातीला गॅसवर भाजी टाकून विजेत्यांच्या याद्या घोकत बसायचे. भाजी करपायची, आणि बैठकीत नेमकं कुणीतरी सातव्या आलेल्याचं नाव विचारायचं. सोडून दिलं मी ते.

त्यापेक्षा एक प्रश्न जवळ ठेव. ही गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली, आणि कधी?

चंदेरी बाणांची गोष्ट तू ऐकली असशीलच, प्रत्येक बैठकीत निघते. जून १९३४, आयफेलची शर्यत. मर्सिडीजची नवी डब्ल्यू २५ काट्यावर एक किलो जास्त भरली, मर्यादा ७५० किलोची. मग म्हणे संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी रातोरात पांढरा रंग खरवडून काढायला लावला, खालचं ॲल्युमिनियम उघडं पडलं आणि जर्मन गाड्या चंदेरी झाल्या. मर्सिडीजचा चालक फॉन ब्राउखित्श ती शर्यत जिंकलाही. किती छान गोष्ट आहे ना? आता आपला प्रश्न विचार. नॉयबाउअरच्या आठवणींचं पुस्तक आलं १९५८ साली, म्हणजे चोवीस वर्षांनी. शिवाय ती शर्यत मुक्त नियमांखाली झाली होती, म्हणजे वजनाची अट तिला लागूच नव्हती, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं. आणि ब्राउखित्शची त्याआधीची, १९३२ची आवुस शर्यतीतली मर्सिडीज चंदेरीच होती. वाद अजून पुरता मिटलेला नाही, पण गोष्ट डळमळली एवढं खरं.

आता हे बैठकीत सांगायचं कसं? "तुमचं खोटं आहे" असं म्हणालीस तर संपलंच. काही जणांनी ती गोष्ट आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेली असते गं, त्यांच्यासाठी ती मर्सिडीजची राहिलेलीच नाही. "काका, मला ही हकीकत १९३४ च्या वर्तमानपत्रात शोधायचीय, तुमच्याकडे काही आहे का?" असं विचार. दर्दी माणूस कपाट उघडतोच. त्या कपाटात काय काय असतं, तुला कल्पना नाही.

आकडे तरी पक्के असतील, असं समजू नकोस हं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय विजेत्यांची यादी १९०९ पासून सलग छापलेली दिसते. प्रत्यक्षात तिथल्या मोटार संघटनेने गुण मोजून विजेतेपद दिलं ते १९०५ ला, मग १९१६ ला आणि पुढे १९२० पासून. मधली वर्षं आर्थर मीन्स आणि व्हॅल हेअर्सनेप या तिथल्याच दोन अधिकाऱ्यांनी १९२७ च्या सुमाराला जुने निकाल घेऊन मागाहून भरली. ज्यांना विजेते ठरवलं, त्यांना शर्यतीच्या वेळी आपण अशा कुठल्या स्पर्धेत आहोत हेच ठाऊक नव्हतं! तेव्हा कुणी यादी फेकली की घाबरू नकोस. यादीही कुणीतरी टेबलाशी बसून केलेली असते.

आणि एक गोष्ट होणार, आत्ताच सांगून ठेवते. "बायकांचा विषय तू घे" असं तुला म्हणतील. आवडत असेल तर जरूर घे, पण तेवढीच खोली तुझी, असं कुणाला ठरवू देऊ नकोस. शर्यतपटू एलिश्का युंकोवाचं नाव निघालं की तिची टोपी आणि हातमोजेच निघतात. तू सांग, की १९२८ च्या टार्गा फ्लोरिओआधी तिने सिसिलीतला तो लांबलचक डोंगरी रस्ता फिरून फिरून डोक्यात बसवला होता, काही काळ ती शर्यतीत आघाडीवर होती आणि शेवटी पाचवी आली.

पण मला खरी झोंबते ती एले नीसची कहाणी. पॅरिसमधली नर्तकी, १९२९ साली मोंतलेरीच्या ट्रॅकवर बायकांची ग्रांप्री जिंकली, मग बुगाटी घेऊन पुरुषांच्या शर्यतींत उतरली. १९३६ ला साओ पाउलोत गाडी गर्दीत घुसली, माणसं दगावली, ती स्वतः कशीबशी वाचली. आणि मग १९४९ साली, मोंते कार्लो रॅलीच्या वेळी एका समारंभात, लुई शिरोन या नामवंत शर्यतपटूने सगळ्यांसमोर तिला गेस्टापोची हेर म्हटलं. पुरावा तेव्हा दिला नाही, पुढेही सापडला नाही. तरी लोकांनी पाठ फिरवली, आणि १९८४ मध्ये ती नीस शहरात कफल्लक अवस्थेत गेली. मिरांडा सेमूरने तिचं चरित्र लिहिलं ते २००४ ला. खरं सांगू का, आपल्या या हौशी वर्तुळात चहाबरोबर जे सहज बोललं जातं ना, त्याची भीती मला ही कहाणी कळल्यापासून बसली. मेलेल्या माणसाबद्दलची चविष्ट वदंता वहीत लिहिताना शेजारी "कोण म्हणालं" हे लिही. म्हणणाऱ्याचं नाव लिहायला संकोच वाटला, तर ती वदंता लिहूच नकोस.

पैशाचंही बोलून घेऊ. कधीतरी एखादे गाडीवाले गोड बोलून म्हणतील, "माझी गाडी अमुक शर्यतीत धावलेलीच आहे, एवढं पत्र दे." जुन्या गाडीची किंमत तिच्या इतिहासावर ठरते, त्यामुळे तुझ्या दोन ओळींचं मोल त्यांना पुरतं ठाऊक असतं. २००७ ला पॅरिसमध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात १९३९ ची ऑटो युनियन शर्यतगाडी विकली जाणार होती, लाखो डॉलरांची. ती नेमकी कुठली चेसिस, याविषयी शंका निघाली आणि विक्री थांबली. तू पत्रात जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच लिही: "या क्रमांकाची पाटी पाहिली, हा फोटो पाहिला, या तारखेला." "नक्की" हा शब्द नको. रागावले तर रागावू देत, पुढच्या आठवड्यात बोलतात.

सुरुवात कुठून करू, म्हणत होतीस ना? युरोपचं खूप लिहून झालंय गं. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर कितीतरी वर्षं शर्यती झाल्या. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रासच्या मोटर स्पोर्ट्स क्लबने त्या चालवल्या, मग १९९० ला इरुंगट्टुकोट्टईचा नवा ट्रॅक आला. त्या जुन्या दिवसांची कार्यक्रमपत्रकं, फोटो, वेळांचे कागद लोकांच्या घरी माळ्यावर पडलेत आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जातायत. चालकांच्या मुलाखती सगळे घेतात, तू मेकॅनिकांकडे जा. गाडी कुठून आली, इंजिन कुणाचं बसवलं, सुटे भाग कशातून जुळवले, हे त्यांनाच माहीत असतं.

जाताना फोन चार्ज करून ने आणि वही ठेवच. फोटो दिसला की आधी उलटून पाहा, मागे पेन्सिलीने लिहिलेलं असतं, त्या बाजूचाही फोटो घे. मूळ कागद घरी आणू नकोस, कितीही आग्रह केला तरी. तिथेच कॉपी कर आणि परत त्यांच्या हातात दे. आणि पुढच्या रविवारी बैठकीत चहा करायला तू उठायचं नाहीस. किटली कुठे आहे ते त्या सगळ्यांना माहीत आहे.