लॅब आहे म्हणून काय झालं?

"लॅबला पोहायला काय शिकवायचं ताई? जन्मजात येतं त्याला." असं म्हणणाऱ्या ट्रेनरला आगाऊ फी देऊ नका. माझी अजून परत आलेली नाही.

आमच्या लॅब्राडॉरने, बंड्याने, पाण्यातून वस्तू उचलून आणावी, एवढंच ठरलं होतं. जमिनीवरचं सगळं मी घरीच पक्कं केलं होतं. चप्पलसुद्धा दात न लावता हातात द्यायचा. ट्रेनरने ऐन डिसेंबरात, उजाडता उजाडता पैठण रोडवरच्या एका शेततळ्यावर बोलावलं. उचलून आणायच्या सरावाची डमी लांब फेकली. बंड्या काठावर थबकला, तर ट्रेनरने मागून ढकललं. गळ्यात चोक चेन तशीच!

शेततळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद असतो, वर शेवाळ. पोहता येतं, बाहेर येता येत नाही. माणसंही अशीच बुडतात. बंड्या डमी तोंडात धरून काठापर्यंत आला, नखं घसरली, परत आत. पुन्हा तेच. मी ओरडतेय आणि ट्रेनर मोबाईलवर शूटिंग करतोय, "बघा, डमी सोडत नाही पठ्ठ्या!" शेवटी तिथला सालगडी पोटावर आडवा झाला आणि त्याने मानेची कातडी धरून बंड्याला वर ओढलं.

संध्याकाळी शेपूट मुळाशी ताठ आणि पुढे दोरीसारखी लोंबती. बसायला गेला की विव्हळायचा. ट्रेनरला फोन केला तर उत्तर काय, "भित्रा निघाला ताई, शेपूट घातली त्याने."

डॉक्टरांनी हात लावताच ओळखलं. गार पाण्यात पोहल्यावर शेपटीच्या मुळाचे स्नायू दुखावतात, लॅबमध्ये हे नेहमीचं. त्याला 'कोल्ड टेल' म्हणतात. विश्रांती आणि डॉक्टरांनीच दिलेलं वेदनाशामक, काही दिवसांत उतरतं. घरातली आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लाम मुळीच देऊ नका, कुत्र्याला ते विषच.

न्यूफाउंडलंडच्या गारठ्यात कोळ्यांची जाळी ओढणाऱ्या कुत्र्यांचा हा वंश, कबूल. पण आमचा सिडकोत फरशीवर, पंख्याखाली वाढलाय.

तेव्हा पाणी उथळ हवं, काठ मातीचा आणि उताराचा. आधी गुडघाभर पाण्यात, पाय टेकत असतानाच डमी आणू द्या. पोहण्याइतकं खोल नंतर. स्वतः पाण्यात उतरा, ढकलू नका. पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट घ्या. थंडीत ऊन चढल्यावरच जा, आधी थोडं पळवा, बाहेर आला की कान आणि शेपटीचं मूळ कोरडं पुसा. डमी धरताना तोंड उघडं राहतं आणि पाणी पोटात जातं. फार गेलं तर ओकाऱ्या होतात, झोकांड्या जातात. म्हणून चार-पाच फेकीनंतर थांबा. हिरवी साय धरलेल्या पाण्यात तर मुळीच नको. ट्रेनर चौकशी करून निवडा, हेही आहेच.

आमच्या ट्रेनरचा पुढचा धडा म्हणे नाथसागर जलाशयावर, "खऱ्या बदकांवर". १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे आणि शिकारीवर १९७२चा कायदा आहे, हे मी सांगितल्यावर म्हणाला, "मारायचं कुठंय ताई, नुसतं उडवायचं." हिवाळ्यात इतक्या लांबून थकून आलेले पक्षी याच्या हौसेसाठी उडवायचे! मी नाही म्हटलं, तेव्हापासून तो फोन उचलत नाही.

त्याच्या स्टेटसला मात्र बंड्याचा व्हिडिओ आहे. डमी घेऊन काठाला येतो तिथेच कापलेला.