बांबू फुलतो तेव्हा

बांबूला आपण झाड म्हणतो. पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी तो गवत आहे. गहू, ऊस आणि बांबू एकाच कुळातले. १९२७ च्या वन कायद्यानेसुद्धा त्याला झाडांत बसवले होते. वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला त्या व्याख्येतून वगळायला २०१७ साल उजाडले.

त्याची वाढही झाडासारखी नाही. आंब्याचे खोड वर्षानुवर्षे रुंदावते. बांबूचा कोंब मात्र जमिनीतून वर येतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते. कोंबात सगळी पेरे मिटलेली असतात, ती दुर्बिणीच्या नळ्यांसारखी लांबत जातात. त्यामुळे काही जाती दिवसात हातभर वाढतात आणि काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतात. पुढची तीन-चार वर्षे बांबू फक्त टणक होतो. कोंबाला अन्न पुरवणारे आडवे खोड जमिनीखाली असते, म्हणून पक्के बांबू तोडले तरी बेट जिवंत राहते.

सूप, टोपली, कणगी, शिडी, मांडव, कागद असे त्याचे उपयोग सर्वांना माहीत आहेत. लाठीसाठी मानवेल नावाचा जवळजवळ भरीव बांबू वापरतात. दोन बांबू आणि एक कांबळे यांचे स्ट्रेचर आम्ही प्रथमोपचाराच्या तासाला केले आहे. ईशान्य भारतात तर घर बांबूचे आणि जेवणात भाजी कोवळ्या कोंबांची.

पण बांबूची सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे त्याचा फुलोरा. मिझोराममधला मुख्य बांबू, ज्याला तिथे ‘मावताक’ म्हणतात, सुमारे ४८ वर्षांनी एकदाच फुलतो. डोंगरच्या डोंगर एकाच सुमारास फुलतात, पेरूएवढी फळे धरतात आणि वाळून मरतात. फळांच्या राशी खाऊन उंदीर भराभर वाढतात. ती संपली, उरलेल्या बिया रुजल्या, की उंदरांच्या झुंडी शेतातल्या भाताकडे वळतात. या संकटाला मिझो भाषेत ‘माउताम’ म्हणजे बांबूचा मृत्यू म्हणतात. माझ्या हाउसमध्ये मिझोरामचा एक कॅडेट आहे. त्याच्या आजीने लहानपणी भाताऐवजी रानातले कंद खाऊन दिवस काढले होते.

ते साल होते १९५९. मिझोराम तेव्हा आसामचा एक जिल्हा होता. फुलोऱ्याची वेळ जवळ आलेली पाहून तिथल्या स्वायत्त जिल्हा परिषदेने ऑक्टोबर १९५८ मध्येच दुष्काळाचा इशारा दिला आणि पंधरा लाख रुपयांची मदत मागितली. बांबू फुलला की दुष्काळ येतो, ही अंधश्रद्धा ठरवून ती मागणी नाकारली गेली. दुष्काळ आला. दुष्काळग्रस्तांसाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतूनच १९६१ मध्ये लालडेंगा यांचा मिझो नॅशनल फ्रंट निघाला आणि १९६६ मध्ये सशस्त्र उठाव झाला. उठावाला इतरही कारणे होती, पण लोकांच्या मनातला राग दुष्काळाने वाढवला. शांतता करार झाला तो ३० जून १९८६ रोजी. मधल्या वीस वर्षांत जवानही गेले आणि गावकरीही.

पुढचा फुलोरा २००६-०७ च्या सुमारास आला. या वेळी सरकारने आधीच योजना आखली होती. उंदराच्या शेपटीमागे बक्षीस ठेवले होते, उंदीर सहसा न खाणारी आले-हळदीसारखी पिके लावायला सांगितले होते. भाताचे नुकसान झालेच, पण १९५९ ची पुनरावृत्ती झाली नाही.

मित्रहो, टेहळणीच्या पाठात आपण शिकतो की खबर मिळवणे हे अर्धेच काम, ती वरच्याने मानली तर उपयोग. १९५८ मध्ये खबर अचूक होती. ती देणाऱ्यांकडे प्रयोगशाळा नव्हती, आजोबा-पणजोबांची आठवण होती.

जंगलयुद्धाचे प्रशिक्षण देणारी लष्कराची संस्था मिझोराममधील वैरेंग्टे येथेच आहे. आपल्यातले काही जण पुढे तिथे जातील आणि ही बांबूची वने पाहतील. मावताक पुन्हा फुलेल तो २०५५ च्या आसपास. तेव्हा आमच्या वर्गातली मुले पंचेचाळिशीत असतील. कोणी ब्रिगेडियर असेल, कोणी जिल्हाधिकारी. त्या वेळी एखादा म्हातारा कचेरीत येऊन “साहेब, बांबू फुलतोय” म्हणाला, तर त्याला आधी खुर्ची द्यावी आणि त्याचे सगळे बोलणे नीट लिहून घ्यावे.