मोठ्या तापात रिपोर्टची वाट पाहू नका

पाऊस सरत आला की नागपूरच्या आमच्या आयसीयूत तापाचे रुग्ण एकामागून एक येऊ लागतात. सोबत फुगलेली फाइल आणि नातेवाइकांच्या तोंडी एकच आकडा असतो. ‘डॉक्टर, काल पन्नास हजार होत्या, आज बावीसवर आल्या.’ प्लेटलेटचा हिशेब घरातल्या प्रत्येकाला पाठ असतो, पण रुग्णाला शेवटची लघवी कधी झाली हे विचारलं की सगळे एकमेकांकडे पाहतात.

असाच आकडा घेऊन भंडाऱ्याकडची एक शेतकरीण आमच्याकडे आली. आठवड्याचा ताप, धाप, डोळ्यांत पिवळेपणा आणि बोलण्यात असंबद्धपणा. आधीच्या रुग्णालयात डेंग्यू धरून प्लेटलेट चढवल्या होत्या आणि एकाहून एक महाग प्रतिजैविकंही झाली होती. डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह होती, तरी उपचाराची दिशा बदलली नव्हती. आमच्या सिस्टरांनी पडदा ओढला आणि तिचं अंग डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. परकराची नाडी बांधतात तिथे, कातडीच्या वळीत, वाटाण्याएवढी काळी खपली होती. सिगारेटचा चटका बसावा तशी, भोवती लालसर कडं. सून म्हणाली, ‘निंदताना काही चावलं असेल.’ खुद्द बाईंना त्याचा पत्ताच नव्हता, कारण ही खपली बहुधा दुखत नाही.

ही स्क्रब टायफसची खूण. गवताझुडपांत राहणाऱ्या माइट नावाच्या अतिसूक्ष्म जीवाची अळी चावते आणि तिच्यातून ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी हा जंतू शरीरात शिरतो. २०१८ च्या पावसाळ्यात या तापाने नागपूर आणि आसपासच्या भागात माणसं दगावली, तेव्हा विदर्भाला त्याचं नाव कळलं. या जंतूला मारणारं औषध साधं आणि स्वस्त आहे, डॉक्सिसायक्लिन. सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन किंवा मेरोपेनेम कितीही दिवस दिलं तरी या जंतूवर काही परिणाम होत नाही. औषध महाग म्हणजे जोरदार, ही समजूत इथे जिवावर बेतते.

त्या बाईंना आम्ही तासाभरात डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. रक्ताचा नमुना एलायझासाठी पाठवला, पण उत्तराची वाट पाहिली नाही. पहिल्या आठवड्यात ही चाचणी फसवी निगेटिव्ह येऊ शकते. जुनी वील-फेलिक्स चाचणी तर त्याहून कमी भरवशाची. २०२३ साली भारतातल्या सात केंद्रांमधला, सुमारे ८०० गंभीर रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधं एकत्र दिली, तर कुठल्याही एकट्या औषधापेक्षा रुग्णांचं अधिक भलं होतं, हे त्यात दिसलं. आजार गंभीर असेल तर आता आम्ही दोन्ही देतो. रुग्ण गरोदर असेल तर अ‍ॅझिथ्रोमायसिनवर भर ठेवतो.

तालुक्याच्या ठिकाणी तापाचे रुग्ण पाहणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. खपली नसली म्हणून स्क्रब टायफस नाही, असं समजू नका. पुष्कळ रुग्णांत ती सापडतच नाही. पण शोधायचं ते नीट शोधा. काख, जांघ, स्तनांखाली, कमरेभोवती, कानामागे. बाई रुग्ण असेल तर संकोचापोटी हे राहून जातं, म्हणून सिस्टरांना सोबत घ्या. माणूस कुठे राबला, कुठल्या पाण्यात उभा होता, हे विचारा. कोकणात भातलावणीच्या चिखलातून आलेला, डोळे लालबुंद, पोटऱ्या दाबल्या की कळवळणारा रुग्ण लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे लेप्टोचा असू शकतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो ताप पाहिला. त्यात फुप्फुसांत रक्तस्राव सुरू झाला की हातात फार वेळ उरत नाही. दोडामार्ग किंवा सत्तरीकडचा माणूस काजूच्या हंगामात तापाने आला, तर माकडताप ध्यानात ठेवून रानात माकडं मेली होती का, हेही विचारा. गडचिरोलीकडून आलेला असेल तर मलेरियाची पहिली स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून थांबू नका, पुन्हा काढा. गंभीर मलेरियात शिरेतून आर्टेसुनेट सुरू करायला उशीर नको.

निदान नक्की नसताना रुग्ण ढासळतोय, अशा वेळी रक्ताचे नमुने घ्यायचे आणि सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनसोबत डॉक्सिसायक्लिन सुरू करायचं. मलेरियाचा संशय असेल तर आर्टेसुनेटही. रिपोर्ट आले की नको ते बंद करता येतं. गेलेले दोन दिवस मात्र परत मिळवता येत नाहीत.

नातेवाइकांनो, डेंग्यूत ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. धोक्याचे एक-दोन दिवस बहुधा तिथूनच सुरू होतात. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव नसेल, तर निव्वळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवण्याचा आग्रह धरू नका. सिंगापूर-मलेशियातल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने रक्तस्राव टळला नाही. त्या धावपळीत सलाइन किती द्यायचं, याकडे दुर्लक्ष होतं. डेंग्यूत ते कमी पडलं तर रक्तदाब कोसळतो, आणि स्क्रबमध्ये जास्त झालं तर फुप्फुसं पाण्याने भरतात.

त्या बाईंचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला, धाप ओसरायला मात्र वेळ लागला. स्क्रबचा ताप डॉक्सिसायक्लिनने साधारण ४८ तासांत हटतो. नाही हटला, तर औषध बदलत बसण्याआधी निदान पुन्हा तपासा. पावसाळ्यात एकाच माणसाला मलेरिया आणि स्क्रब दोन्ही झालेले आम्ही पाहिले आहेत, आणि पहिला रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की दुसरा आजार शोधायचं राहून जातं.