धोरण विश्लेषक : निर्णयाआधीचे काम

शासनव्यवहारात काम करण्याची इच्छा मुलाने बोलून दाखविली की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरात बहुधा स्पर्धा परीक्षांचाच विचार सुरू होतो. परंतु शासनाच्या निर्णयापूर्वी आणि नंतर जो अभ्यास व्हावा लागतो, तो करणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसाय गेल्या दोन दशकांत भारतात आकाराला आला असून त्यास सार्वजनिक धोरण विश्लेषण म्हणतात. धोरण म्हणजे एखाद्या सार्वजनिक प्रश्नाबाबत शासनाने ठरविलेली दिशा आणि तीनुसार केलेले कायदे, योजना व खर्च. विश्लेषक या साऱ्याची छाननी करतो, पर्याय मांडतो आणि प्रत्येक पर्यायाचा लाभ कोणाला व भार कोणावर, हे दाखवितो. निर्णय मात्र त्याच्या हाती नसतो, आणि ज्याला अधिकाराचीच ओढ आहे त्याने या वाटेला न गेलेले बरे.

या कामाचे स्वरूप शेततळ्यांच्या उदाहरणावरून चांगले कळते. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली आणि एका तळ्यासाठी कमाल ५०,००० रुपये अनुदान देऊ केले. पावसाळ्यात शेतावरून वाहून जाणारे पाणी, ज्यास अपधाव म्हणतात, ते तळ्यात साठवावे आणि पावसाने ओढ दिली की पिकाला एकदोन पाळ्या देऊन ते वाचवावे, म्हणजेच संरक्षित सिंचन करावे, अशी त्यामागील कल्पना होती. विभागाच्या प्रगती अहवालात अशा वेळी उद्दिष्ट किती आणि पूर्ण झालेली तळी किती, एवढेच दिसते. विश्लेषकाचा पहिला प्रश्न त्याहून वेगळा असतो : तळे भरते कशाने? राज्याच्या काही भागांत, विशेषतः द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात, शेततळ्यांना प्लास्टिकचे अस्तर घालून ती विहिरी व बोअरच्या पाण्याने भरली जातात, असे क्षेत्रीय अभ्यासांत नोंदले गेले आहे. तसे झाल्यास सर्वांच्या वाट्याचे भूजल एकाच्या तळ्यात येते, त्यातील काही उन्हाने उडून जाते, शेजारच्या उथळ विहिरीची पातळी खाली जाते, आणि कागदावर मात्र योजना यशस्वी ठरते.

एवढे दाखवून दिले म्हणजे काम संपले असे नव्हे, कारण योजनेला नावे ठेवणे सोपे असते आणि त्यासाठी विश्लेषक नेमण्याचे कारण नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी तालुकावार लावाव्या लागतात, त्यांच्या शेजारी पर्जन्यमान, फळबागांचे क्षेत्र आणि तळ्यांची संख्या मांडावी लागते, आणि पातळी पाऊस कमी पडल्याने उतरली की उपशाने, हे वेगळे करावे लागते. त्यानंतर पर्याय येतात : जेथे अपधाव मिळतो अशाच जागेला अनुदान द्यावे काय, तळ्याचा आकार बांधून द्यावा काय, आणि मुख्य म्हणजे ही तपासणी करण्यास गावपातळीवरच्या कृषी कर्मचाऱ्याकडे वेळ आहे काय. हा शेवटचा प्रश्न अनेक विद्वत्तापूर्ण अहवालांत विचारलेलाच नसतो. महिनोन्महिन्यांच्या या खटाटोपाचे फलित सचिवांच्या टेबलावर जाणारे दोन-तीन पानांचे टिपण असते आणि तेही स्वीकारले जाईलच असे नाही.

या कामासाठी संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्राची पायाभूत जाण, सर्वेक्षणांची कच्ची आकडेवारी हाताळण्याचा सराव आणि नेमके लिहिण्याची सवय लागते. राज्यातील शासन निर्णय, म्हणजे बोलीतले जीआर, मराठीत निघतात; त्यांतील एखाद्या अटीने कोण लाभार्थी वगळला जातो हे मराठी माध्यमाचा विद्यार्थी चटकन ओळखू शकतो, मात्र केंद्र शासन आणि निधी देणाऱ्या संस्थांसाठी इंग्रजीतही तितकेच नेटके लिहिता यावे लागते.

पदवी कोणत्या शाखेची आहे, यावर फारसे अडत नाही. पुढील शिक्षणासाठी आयआयटी मुंबई आणि बंगळुरूचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ येथे सार्वजनिक धोरणाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेसारख्या जुन्या संस्थांतून अर्थशास्त्र शिकूनही या क्षेत्रात येता येते. १९३० साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले गेले.

सुरुवात बहुधा अधिछात्रवृत्तीने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या सवेतन उमेदवारीने होते. २१ ते २६ वर्षे वयाच्या पदवीधरांसाठी असलेली राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप आणि पीआरएस या संस्थेमार्फत खासदारांबरोबर काम करण्याची लॅम्प फेलोशिप या त्यांपैकी परिचित आहेत. त्यानंतर नीती आयोग, राज्याची ‘मित्रा’ ही संस्था, संशोधन संस्था, सल्लागार कंपन्या व स्वयंसेवी संस्था येथे संधी असते. पालकांनी हे स्पष्टपणे लक्षात घ्यावे की यांतील बहुतांश नेमणुका कंत्राटी असतात, प्रकल्पाचा निधी संपला की नोकरीही संपू शकते, आणि सरकारी नोकरीची शाश्वती येथे नाही. स्पर्धा परीक्षेत अपयश आल्यावरची पर्यायी सोय म्हणून वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी येणाऱ्यांचे सामान्य ज्ञान उपयोगी पडते, पण संख्याशास्त्राची उणीव त्यांना जाचते; म्हणून हा विचार पदवीच्या काळातच झालेला बरा.

कल तपासण्याचा एक बिनखर्ची मार्ग आहे. राज्याच्या अर्थसंकल्पापूर्वी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ मराठीत प्रसिद्ध होते. तिच्यातील आपल्या जिल्ह्याचे एखादे कोष्टक घेऊन त्यावर विद्यार्थ्याने दोन पाने लिहून पाहावीत, आणि त्यात त्याचे मन रमले नाही तर पालकांनी आग्रह धरू नये. मन रमले, तर प्रवेशापूर्वी खासगी संस्थांकडे मागील तीन तुकड्यांचे विद्यार्थी कोठे व किती मुदतीच्या नेमणुकीवर आहेत आणि अभ्यासक्रमात संख्याशास्त्राच्या तासिका किती आहेत, याची लेखी माहिती मागावी. ती देण्यास टाळाटाळ करणाऱ्या संस्थेत शुल्क भरू नये.