कर्ज थकले म्हणून तुरुंग होतो का?

वाचन : अनुवाद 24:6, 10-13



मागच्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या पाड्यावरचा एक तरुण रातोरात घर सोडून वीटभट्टीवर गेला. वडिलांच्या ऑपरेशनसाठी त्याने चाळीस हजारांचे वैयक्तिक कर्ज काढले होते. तीन हप्ते थकले. वसुलीची माणसे रात्री अंगणात येऊन बसली आणि "उद्या पोलीस धरून नेतील" असे सांगून गेली.

पुढे त्याची आई एक बंद पाकीट घेऊन आली. "दादा, एवढं वाचून द्या." मी ते पिशवीत टाकले आणि दोन आठवडे उघडलेच नाही. ती चेक न वटल्याची नोटीस होती. चूक माझी होती, म्हणून हा धडा मी आधी स्वतःसाठी लिहितो आहे.

1. निव्वळ हप्ता थकणे हा गुन्हा नाही. तो दिवाणी मामला आहे. कर्ज देणारा साधारणपणे तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावू शकतो. हुकूमनामा झाला की जप्ती येऊ शकते. तरीही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गुरे व बियाणे यांना संरक्षण आहे. गरिबाचे जाते गहाण घेऊ नये, हे आपण वाचले. विचार तोच आहे.

2. ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्यास दिवाणी कैद होऊ शकते, केवळ गरिबीमुळे नाही. जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली हे स्पष्ट केले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही.

3. चेकची गोष्ट वेगळी. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम न दिल्यास कलम 138 खाली फौजदारी खटला होतो. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून कोरा चेक सही करून देऊ नका.

4. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ओळखीखातर सही करू नका.

5. वसुलीलाही मर्यादा आहे. सकाळी 8 पूर्वी व संध्याकाळी 7 नंतर फोन करणे, धमकावणे हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. वचनातही धनको घराबाहेरच उभा राहतो.

त्या तरुणाचे 15 दिवस निघून गेले. खटला झाला, समन्स आले, तो हजर राहिला नाही, वॉरंट निघाले. कर्ज थकल्यामुळे जे पोलीस आले नसते, ते पळून गेल्यामुळे दारात आले. शेवटी मी भट्टीवर जाऊन त्याला आणले. तालुका विधी सेवा समितीने वकील दिला, वॉरंट रद्द झाले आणि लोक अदालतीत हप्ते बांधून तडजोड झाली. घेतलेले फेडायचे आहेच. तो आता फेडतो आहे.

लक्षात ठेवा : अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

विचारासाठी :
• आपल्या मंडळीत कोणाच्या घरी न उघडलेले पाकीट पडून आहे का?
• ते आज वाचून द्यायला आपल्यापैकी कोण जाईल?