आधी रेखाटन, मग प्रणाली

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकास, जेथे घाटमाथा संपून कोकणाचा कडा सुरू होतो, तेथे आहुपे हे गाव वसलेले आहे. महादेव कोळी समाजाची वस्ती, उतारावरील भातखाचरे, हिरड्याची झाडे आणि गावाने राखलेली देवराई ही या गावाची ओळख होय. अशा गावाचा संगणक प्रणालीच्या उभारणीशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. परंतु वनहक्काचा दावा ज्या दिवशी कागदावरून संगणकावर जातो, त्या दिवसापासून येथील शेतकऱ्याचे हित त्या प्रणालीच्या रचनेशी बांधले जाते. रचनाच सदोष असेल, तर दावा नेमका कोठे अडला आहे हे त्यालाही समजत नाही आणि कार्यालयालाही सांगता येत नाही.

प्रणाली तयार करून घेण्याची रूढ रीत आपल्या परिचयाची आहे. प्रथम गरजांची जाडजूड यादी, त्यावर सर्वांच्या स्वाक्षऱ्या, मग निविदा आणि दीड-दोन वर्षांनी तयार वस्तूची सुपूर्दगी. प्रस्तुत लेखकाने एका कार्यालयात अशी यादी पाहिली आहे. तिच्यावर सात स्वाक्षऱ्या होत्या. मात्र ती अथपासून इतिपर्यंत वाचलेला मनुष्य त्या सातांत एकही नव्हता.

या रीतीला कंटाळलेले सतरा संगणकतज्ज्ञ फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे एकत्र आले. त्यांनी जो जाहीरनामा काढला, त्यातून ‘ॲजाइल’ म्हणजे चपळ कार्यपद्धतीला तिचे नाव मिळाले. काम लहान लहान आवर्तनांत करावे, प्रत्येक आवर्तनाच्या अखेरीस चालणारा एखादा भाग वापरणाऱ्याच्या हाती द्यावा आणि त्याच्या अनुभवावरून पुढचे ठरवावे, असा या पद्धतीचा गाभा आहे. पडकईचे काम जाणणाऱ्यांस यात नवल वाटणार नाही. उतारावर एक खाचर बांधले, की पहिल्या पावसात बांध कोठे खचतो ते दिसते आणि पुढचे खाचर त्या बेताने बांधले जाते.

चित्ररूप प्रतिमानाची परंपरा याहून जुनी आहे. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ व आयव्हर जेकबसन यांच्या प्रयत्नांतून साकारलेली ‘यूएमएल’ ही आकृतिभाषा १९९७ मध्ये मानक म्हणून स्वीकारली गेली. आपल्या पुण्यातही १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात, आकृतीवरूनच संगणकाची आज्ञावली तयार करण्याच्या तंत्रावर दीर्घकाळ काम झाले आहे. कोण काय करतो, काम कोणत्या क्रमाने सरकते, एखादी वस्तू कोणकोणत्या अवस्थांतून जाते, हे ही भाषा चौकटी आणि बाणांनी दाखवते. कला शाखेच्या पदवीधरालाही तासाभरात ती वाचता येते, हे स्वानुभवाने सांगतो.

या दोहोंत वरवर विरोध दिसतो. एक पद्धत कागदपत्रे कमी करा म्हणते, दुसरी आकृत्यांचे कागद वाढवते. उत्तर व्यवहारात सापडते. येत्या आवर्तनास लागेल तेवढीच आकृती काढावी, ती फळ्यावर खडूने काढावी आणि ज्यांचे काम आहे त्यांच्यासमोर काढावी.

उदाहरणादाखल असे समजू, की आहुपे येथील वनहक्क दाव्यांची स्थिती दर्शविणारी प्रणाली करावयाची आहे. पहिल्या बैठकीत ग्रामसभेच्या वनहक्क समितीसमोर फळ्यावर चौकटी काढल्या : दावा प्राप्त, जागेची पडताळणी, ग्रामसभेचा ठराव, प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील उपविभागीय समिती, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समिती, मंजूर, नामंजूर. त्यांना बाणांनी जोडले. आकृती सुबक दिसते. आता प्रत्येक चौकटीपाशी एकच प्रश्न विचारावयाचा : येथून बाहेर पडण्याचे मार्ग किती?

मग उणिवा दिसू लागतात. उपविभागीय समितीने फेरविचारासाठी परत पाठविलेला दावा कोठे जातो? ग्रामसभेकडे परत जाणारा बाण काढलेलाच नाही. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे साठ दिवसांत दाद मागता येते. परंतु ‘नामंजूर’ ही चौकट शेवटची म्हणून काढली असेल, तर संगणक ते प्रकरण तेथेच मिटवील आणि साठ दिवसांची मोजणी कधी सुरूच होणार नाही. कायद्याने दिलेला हक्क एका न काढलेल्या बाणामुळे व्यवहारात लोपतो. फळ्यावर ही चूक खडूच्या एका रेघेने सुधारते. तयार प्रणालीत तिलाच महिने लागतात, खर्च होतो तो वेगळा.

यानंतर कामाची आखणी करावी. पहिल्या तीन आठवड्यांत केवळ दाव्याची नोंद आणि पोच; ती गावातील दोन-चार खऱ्या दाव्यांवर लावून पाहावी. दुसऱ्या आवर्तनात पडताळणी व नकाशा, तिसऱ्यात फेरविचार आणि अपील. प्रत्येक आवर्तनाआधी फळ्यावरची आकृती पुन्हा पाहावी, चुकलेले पुसावे. कंत्राटाचे देयक पृष्ठसंख्येशी न जोडता, चालून दाखविलेल्या भागाशी जोडावे. घाटमाथ्यावरील पावसाळ्यात संपर्क तुटला तर नोंद कशी व्हावी, हा प्रश्न तिसऱ्या नव्हे तर पहिल्याच आवर्तनात घ्यावा, कारण त्याच्या उत्तराने सारी रचना बदलू शकते. अवघड ते आधी, हा क्रम पुष्कळ ठिकाणी पाळला जात नाही.

एका बाबतीत मात्र प्रस्तुत लेखकाचे मत चपळ पद्धतीच्या काही पुरस्कर्त्यांहून निराळे आहे. काम झाले की आकृती टाकून द्यावी, असे ते म्हणतात. एकाच दालनात वर्षानुवर्षे बसणाऱ्या गटास ते परवडेल. शासनात तीन वर्षांनी अधिकारी बदलतो, ग्रामपंचायतीत पाच वर्षांनी सदस्य बदलतात. म्हणून बाकीचे कागद जाऊ द्यावेत, पण दाव्याच्या अवस्थांची ती एक आकृती, अखेरच्या दुरुस्तीच्या तारखेसह, मराठीत लिहून पंचायतीच्या भिंतीवर लावावी आणि तिची प्रत कार्यभार हस्तांतराच्या यादीत घालावी.